रामघाटाच्या यात्रेसाठी निवासी मोटार : अंतर्गत मांडणी कशी निवडावी?

उज्जयिनीचा रामघाट महाराष्ट्रातील भाविकांना अपरिचित नाही. प्रभू रामचंद्रांनी दशरथ राजाचे श्राद्ध क्षिप्रेच्या या तीरावर केले, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे पितरांच्या तर्पणासाठी येथे वर्षभर यात्रेकरूंची ये-जा असते. गुरू सिंह राशीत असता दर बारा वर्षांनी येथे सिंहस्थ भरतो. मागील सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे २०१६ या काळात पार पडला. पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये येत आहे. या नगरीशी मराठी माणसाचे नातेही जुने आहे. महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी केला. शिंद्यांची राजधानी प्रथम उज्जयिनीसच होती. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरीस तळ दिला, तेव्हा त्या तळाच्या जागी वसलेल्या शहराला 'लष्कर' हेच नाव पडले. तंबूत राहून राज्य चालविणाऱ्या माणसांना सामान कोठे व कसे ठेवावे, हे शिकवावे लागत नसे.

आजच्या कुटुंबाला मात्र ते नव्याने शिकावे लागत आहे. नाशिकहून धुळे, शिरपूर, सेंधवा व इंदूर या मार्गाने उज्जैन सुमारे पावणेपाचशे किलोमीटर पडते. वृद्ध आईवडिलांना घेऊन स्वतःच्या वाहनाने हा प्रवास करावा, वाटेत व मुक्कामी त्याच वाहनात राहावे, या विचाराने जुनी किंवा नवी व्हॅन घेऊन तिचे निवासी मोटारीत रूपांतर करून घेण्याकडे अनेकांचा कल दिसतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यामुळेही या विषयाला चालना मिळाली आहे. शय्या, स्वयंपाकाची सोय, स्वच्छतागृह आणि पुरेसा पाणीसाठा या अशा वाहनाच्या मूलभूत गरजा होत. परंतु या चार गोष्टी गाडीत कोठे बसवावयाच्या, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःच सोडवावयाचा असतो. तो चुकला, तर खर्च वाया जातो आणि प्रसंगी जीवावरही बेतते.

दिंडीच्या ट्रकचा धडा

या बाबतीत महाराष्ट्राजवळ अनुभवाचा मोठा ठेवा आहे. आषाढी वारीत दिंडीबरोबर सामानाचा ट्रक चालतो. तंबू, कनाती, भांडी, शिधा, अंथरुणे व कंदील असे शेकडो माणसांचे बिऱ्हाड त्यात असते. हा ट्रक भरणारी माणसे एक साधा नियम पाळतात : मुक्कामावर जे प्रथम लागणार, ते शेवटी भरावयाचे. तंबू आधी उभा राहिला पाहिजे, म्हणून तो हाताशी असतो. चूल लगेच पेटली पाहिजे, म्हणून स्वयंपाकाचे साहित्य दाराजवळ असते. अंथरुणे रात्रीच लागतात, म्हणून ती आत असतात.

निवासी मोटारीची मांडणी ठरवितानाही हाच नियम लागू पडतो. छायाचित्रात सुंदर दिसणारी मांडणी निवडून मग आपल्या सवयी तिच्यात बसविण्याचा प्रयत्न करू नये. आपला चोवीस तासांचा दिनक्रम प्रथम कागदावर लिहावा आणि त्यातून मांडणी काढावी.

रामघाटाच्या यात्रेचा दिनक्रम असा असतो. महाकालाची भस्म आरती पहाटे चारच्या सुमारास सुरू होते. तिला जाणारे मध्यरात्रीनंतर लवकरच उठतात. घाटावरील स्नान सूर्योदयापूर्वी किंवा त्या सुमारास होते. परतताना ओली वस्त्रे, ओले पाय व पूजेचे साहित्य बरोबर असते. दुपारी, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळीस अंशांच्या वर जातो व विश्रांती घ्यावीच लागते. सायंकाळी क्षिप्रेची आरती असते. म्हणजे या यात्रेत रात्री सर्वांना न उठविता बाहेर पडता येणे, ओले सामान आत न आणता ठेवता येणे आणि दुपारी सावलीत हवेशीर पडून राहता येणे, या तीन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या ठरतात. आलिशान बैठक किंवा मोठा दूरदर्शन संच यांचा क्रम त्यानंतर लागतो.

मोजमापे आधी, फर्निचर नंतर

उदाहरणादाखल एक मध्यम आकाराची व्हॅन घेऊ. चालकाच्या आसनामागील मोकळी लांबी ३.६ मीटर, आतील रुंदी १.७ मीटर व उंची १.९ मीटर आहे, असे समजू. दोन्ही बाजूंना उष्णतारोधक थर व त्यावर पातळ तक्ते बसविले की, प्रत्येक बाजूची सुमारे पाच सेंटिमीटर जागा जाते आणि हाती १.६ मीटर रुंदी उरते. येथेच पहिला भ्रम दूर होतो. १.७ मीटर उंचीच्या माणसाला या गाडीत आडवी, म्हणजे रुंदीच्या दिशेने, शय्या पुरत नाही. त्याला लांबीच्या दिशेनेच झोपावे लागते. लहान मुलांना अथवा ठेंगण्या माणसांना मात्र आडवी शय्या चालते.

सर्वसाधारणपणे चार प्रकारच्या मांडण्या प्रचलित आहेत.

पहिली, मागे कायमची शय्या. रोज अंथरूण घालण्या-काढण्याचा त्रास वाचतो, खाली सामानाला भरपूर जागा मिळते. परंतु निम्मी गाडी दिवसा निरुपयोगी राहते.

दुसरी, समोरासमोर दोन बाके. दिवसा बैठक, रात्री मधल्या वाटेवर फळ्या टाकून एक मोठी शय्या. जागेचा उपयोग उत्तम होतो. पण रोज मांडामांड करावी लागते आणि आतल्या माणसाला बाहेर पडावयाचे झाल्यास इतरांना ओलांडावे लागते.

तिसरी, एकावर एक शय्या. मुले असलेल्या कुटुंबास सोयीची. मात्र वरच्या शय्येवर उन्हाळ्यात उष्मा फार होतो आणि वृद्धांना तेथे चढणे शक्य नसते.

चौथी, पुढे बैठक व शेवटी स्वयंपाकघर. मागील दार उघडून उभ्याने स्वयंपाक करता येतो, वास व वाफ आत कोंडत नाहीत. पाऊस आला की, मात्र पंचाईत होते.

यांपैकी कोणतीही मांडणी सर्वांसाठी सर्वोत्तम नाही. बहुतेकदा दोन प्रकारांचा संयोग करावा लागतो.

चौघांच्या कुटुंबाचे उदाहरण

पती, पत्नी, दहा-अकरा वर्षांचा मुलगा आणि पंचाहत्तरीच्या आजी असे कुटुंब रामघाटावर तर्पणासाठी जाणार आहे, असे मानू. प्रवासात पती-पत्नी पुढील आसनांवर बसतील. आजी व नातू यांच्यासाठी मागे दोन आसनांचे, पुढे तोंड असलेले व पट्टे असलेले बाक हवे. चालत्या गाडीत आडव्या बाकावर बसणे किंवा शय्येवर झोपणे अत्यंत धोक्याचे आहे. अचानक ब्रेक लागला असता अशा माणसाला आधार देणारे काहीच नसते. म्हणून मांडणीचा आरंभ शय्येपासून न करता आसनांपासून करावा : जितकी माणसे, तितकी पट्ट्यांची आसने.

हे दोन आसनांचे बाक चालकामागे उजव्या बाजूस, एक मीटर रुंदीचे घ्यावे. त्याची पाठ आडवी पाडली की, १.७ मीटर लांबीची शय्या तयार होते. आजींची उंची दीड मीटरच्या आसपास असेल, तर ती त्यांना पुरते. डाव्या बाजूस दार व त्याजवळ साठ सेंटिमीटरची वाट राहते. आजींना रात्री दोनदा-तीनदा उठावे लागले, तरी त्यांच्या व दाराच्या मध्ये कोणीही झोपलेले नसते. त्या वाटेच्या कडेला, दाराच्या मागील बाजूस, पन्नास सेंटिमीटरच्या पेटीत सुटे शौचपात्र ठेवावे व त्याभोवती पडदा लावावा. वृद्ध व्यक्तीला अंधारात, परक्या गावी, तळाच्या दुसऱ्या टोकाचे शौचालय शोधत फिरावे लागू नये. हा चैनीचा भाग नसून पडझड टाळण्याचा उपाय आहे. वाटेत पायाच्या उंचीवर मंद दिवा आणि दारापाशी पकडण्यासाठी दांडी, या दोन स्वस्त वस्तू विसरू नयेत.

गाडीच्या मागील १.९ मीटर लांबीत दोन्ही बाजूंस साठ सेंटिमीटर रुंदीची बाके व मध्ये चाळीस सेंटिमीटरची वाट ठेवावी. साठ, चाळीस आणि साठ मिळून १.६ मीटर रुंदी नेमकी भरते. रात्री मधली फळी टाकली की, पती-पत्नी व मुलगा यांची शय्या होते. जागा प्रशस्त नाही, परंतु दोन-तीन रात्रींपुरती पुरेशी आहे. पहाटे आरतीला एकच माणूस जाणार असेल, तर फळी न टाकता मुलाला आजींच्या शेजारी झोपवावे व दोन बाके स्वतंत्र ठेवावीत. मांडणीत असा लवचीकपणा असणे हाच तिचा मोठा गुण होय.

गाडीत स्नानगृह करावे काय, हा प्रश्न हमखास विचारला जातो. रामघाटाची यात्रा डोळ्यांपुढे ठेवली, तर उत्तर नकारार्थी येते. स्नान क्षिप्रेत होणार आहे. बंद स्नानगृह अर्धा-पाऊण चौरस मीटर जागा अडविते व पाण्याचा साठा दुपटीने वाढवावा लागतो. त्याऐवजी दाराच्या पायरीशी कडा उचललेले एक पसरट तबक ठेवावे. ती या गाडीची मोरी. चपला, ओली वस्त्रे व कलश तेथेच थांबतात. दाराबाहेर दोरी बांधण्यासाठी दोन कड्या असाव्यात.

चूल आणि धोका

स्वयंपाकाची जागा या मांडणीत गाडीच्या अगदी मागे, बाकाखालून बाहेर सरकणाऱ्या खणात ठेवावी. मागील दार उघडून, जमिनीवर उभे राहून पिठले-भात करता येतो. यामागे सोयीपेक्षा सुरक्षिततेचा विचार अधिक आहे. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता तळाशी साचतो आणि शय्येखालील बंद खणात साठून राहतो. म्हणून सिलिंडर झोपण्याच्या जागेकडून पूर्णपणे बंद अशा स्वतंत्र पेटीत ठेवावा व त्या पेटीच्या तळाला बाहेरच्या बाजूस उघडणारे छिद्र ठेवावे. घरगुती मोठ्या सिलिंडरात १४.२ किलो वायू असतो. रिकाम्या टाकीचे वजन जवळपास तेवढेच वेगळे. अल्प मुक्कामास पाच किलोंचा लहान सिलिंडर पुरतो.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. दारे-खिडक्या बंद करून आत शेगडी पेटविल्यास किंवा गाडीजवळ जनित्र चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही; झोपेतल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. थंडीत ऊब मिळावी म्हणून आत शेगडी लावून झोपणे सर्वथा वर्ज्य समजावे. या वायूची सूचना देणारे यंत्र व लहान अग्निशामक या दोन वस्तूंची जागा आराखड्यातच दाखवावी, आणि अग्निशामक चुलीच्या पलीकडे न ठेवता दाराजवळ ठेवावा.

पाणी : जेवढे भरावे, तेवढे सांभाळावे

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. ऐंशी लिटरची टाकी म्हणजे एका माणसाचे वजन होय. ती मागील टोकाला न ठेवता, मागील आसाच्या पुढे, बाकाखाली बसवावी. स्वच्छ पाण्याच्या टाकीएवढीच सांडपाण्याची टाकी असली पाहिजे, कारण वापरलेले पाणी कोठेतरी जाणारच.

रामघाटाच्या संदर्भात या नियमाला विशेष महत्त्व आहे. क्षिप्रेचा स्वतःचा प्रवाह उन्हाळ्यात क्षीण होतो. तो टिकावा म्हणून २०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोड योजनेतून नर्मदेचे पाणी या नदीत आणण्यात आले. इंदूरकडून येणारी कान्ह नदी उज्जैनजवळ त्रिवेणी येथे क्षिप्रेस मिळते व तिच्याबरोबर शहरी सांडपाणीही येते, ही दीर्घकाळाची चिंता आहे. ज्या पाण्यात आपण पितरांना तिलांजली देणार, त्याच पाण्याकडे भांड्यांचा फेस व शौचपात्रातील मळ वाहू देणे कोणत्याही श्रद्धेत बसत नाही. सांडपाणी व मळ नेमून दिलेल्या जागीच रिकामे करावेत. त्यासाठी टाकीची तोटी हात सहज पोहोचेल अशी असावी. अडचणीच्या जागी असलेली तोटी शेवटी रस्त्यावरच उघडली जाते, असा अनुभव आहे.

उष्मा आणि वीज

वातानुकूलन यंत्र बसविले म्हणजे प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. त्याचा हिशेब करून पाहावा. बारा व्होल्टच्या, दोनशे अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे २.४ युनिट वीज साठते. ताशी सरासरी एक युनिट घेणारे यंत्र तिच्यावर जेमतेम दोन तास चालेल. याउलट पंचवीस वॅटचे दोन पंखे रात्रभर, म्हणजे दहा तास चालविले, तरी अर्धा युनिटच लागते. तेव्हा तळावर वीजजोडणी मिळण्याची खात्री नसेल, तर वातानुकूलनावर विसंबून मांडणी करू नये.

छताला चांगला उष्णतारोधक थर, छतातून गरम हवा बाहेर फेकणारा पंखा आणि त्याच्या विरुद्ध टोकाला, खालच्या बाजूस, जाळीची खिडकी यांनी हवा खेळती राहते. आजींची शय्या या हवेच्या मार्गात यावी. दाराच्या बाजूस गुंडाळता येणारी ताडपत्री लावल्यास दुपारी बाहेर सावली मिळते. परंतु ती एका माणसाला दोन मिनिटांत गुंडाळता आली पाहिजे. ५ मे २०१६ रोजी सिंहस्थात वादळी पाऊस आला आणि मंडप कोसळून यात्रेकरूंना प्राण गमवावे लागले. माळव्यातील उन्हाळी वादळ पूर्वसूचना देऊन येतेच असे नाही. आभाळ भरून येताच ताडपत्री उतरवावी.

वजन आणि घाटरस्ता

धुळ्याहून सेंधव्याकडे जाताना बिजासणचा घाट लागतो. तेथे गाडीची खरी परीक्षा होते. आठ बाय चार फुटांचा, अठरा मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा एक तक्ता तीस किलोंच्या आसपास भरतो. असे दहा तक्ते वापरले, तर तीनशे किलो वजन केवळ फर्निचरचे होते. भार पेलणाऱ्या चौकटीपुरते जाड लाकूड वापरून दारे व विभाजक पातळ तक्त्यांचे करावेत. जड वस्तू खाली व दोन आसांच्या मध्ये ठेवाव्यात. चूल, टाकी व बॅटरी एकाच बाजूस आल्यास गाडी कलते. वरच्या फडताळात फक्त कपडे व अंथरुणे ठेवावीत. प्रत्येक खणाला कडी असावी. ब्रेक लागताच निसटलेला कुकर पुढील माणसाच्या डोक्यापर्यंत पोहोचतो. रूपांतरानंतर पाणी, सामान व माणसांसह गाडी वजनकाट्यावर नेऊन एकूण वजन नोंदणीपुस्तकातील मर्यादेत असल्याची खात्री करावी.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनात मन मानेल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निर्णयात हे तत्त्व ठामपणे सांगितले आहे. आसनांची संख्या, गाडीची रचना वा वापर बदलत असेल, तर काम सुरू करण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आराखड्यासह लेखी विचारणा करावी. निवासी मोटारींसाठी ए.आय.एस. १२४ हे स्वतंत्र मानक आहे. रूपांतर करणारा कारागीर त्यानुसार काम करतो काय, याची चौकशी करावी. नोंद नसलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. विमा कंपनीलाही बदल आधीच कळवावा.

अंगणातील परीक्षा

आराखडा तयार झाला की, सुताराकडे जाण्यापूर्वी एक बिनखर्चाची परीक्षा घ्यावी. अंगणात किंवा गच्चीवर खडूने गाडीची आतील मापे पूर्ण आकारात आखावीत. बाकांच्या जागी खोकी मांडावीत, दाराची जागा सोडावी. मग आजींना शय्येवरून उठून दारापर्यंत येण्यास सांगावे. एकाने चहा करावा, दुसऱ्याने त्याच वेळी अंथरूण काढावे. चौघांनी एकदम आत येऊन चपला कोठे काढावयाच्या, ते पाहावे. दिवे मालवूनही एकदा हा सराव करावा. कागदावर न दिसलेल्या चुका अर्ध्या तासात उघड होतात, आणि खडूची रेघ पुसण्यास पैसे पडत नाहीत.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडी रामघाटापर्यंत जाईल, अशी अपेक्षा मुळातच ठेवू नये. गर्दीच्या पर्वांत वाहने शहराबाहेरील तळांवरच थांबविली जातात व पुढे सार्वजनिक वाहनाने किंवा पायी जावे लागते. म्हणून दाराजवळच्या खणात एक पिशवी सदैव तयार असावी : कोरडी वस्त्रे, पाण्याची बाटली, औषधे, पूजेचे साहित्य आणि प्रत्येकाच्या खिशात गाडीचा क्रमांक व तळाचे नाव लिहिलेली चिठ्ठी. गर्दीत आजींचा हात सुटला, तर परत येण्याचा मार्ग ती चिठ्ठीच दाखवील. गाडीची मांडणी उत्तम झाली, याची खूण ही की, घाटावर पोहोचलेल्या माणसाला गाडीची आठवण होऊ नये. त्याचे मन क्षिप्रेच्या पाण्यात आणि ज्यांच्यासाठी ओंजळ भरावयाची, त्यांच्या स्मरणात राहावे.